गुलाबाच्या चोथ्याची पेशकश

"उस्ताद मोख्तारींनी या खात्यात सगळ्यांचं गिळलंय. माझं गिळून दाखवावं म्हणावं! घशात अडकेन मी, घशात!" गोलनार पाकजाद म्हणाली आणि साखरेचा खडा दातात धरून तिने चहाचा असा घोट घेतला, की जणू मोख्तारींनाच प्याली.

समोर तिची मैत्रीण सुदाबे बसली होती. शेजारच्या प्रयोगशाळेतली, अंगाने गोल, स्वभावाने त्याहून गोल.

"गोलनार जान, हळू बोल. भिंतीपलीकडे त्यांचाच संडास आहे."

"ऐकू दे! मी काय तुझ्यासारखी आहे? तुझी अक्रोडाच्या टरफलाची भुकटी नेली, तर तू त्यांना वर पिस्ते नेऊन दिलेस."

"ते आजारी होते गं."

"तुझी भुकटी पचली नसेल."

भुकटीशिवाय गुलदश्तच्या विद्यापीठातल्या रसायन खात्यात दुसरा विषयच नव्हता. प्रत्येकाची आपापली भुकटी होती. लोखंडाच्या गंजाचा काळा, डोळ्यांनी कण दिसू नये इतका बारीक चुरा सगळ्यांचा सारखाच. वरचा लेप तेवढा ज्याचा त्याचा. कुणी अक्रोडाचं टरफल चिकटवलं, कुणी अंड्याचं. एकाने तर सासूने सोललेल्या कलिंगडाच्या साली पळवल्या आणि सासूचे आभार मानून पेपर छापला.

पण गोलनारची गोष्ट वेगळी होती. गावात गुलाबजल काढून झालं की हंड्यांच्या तळाशी पाकळ्यांचा चोथा उरतो. लोक तो गाढवांना घालतात, आणि गाढवंही दोनदा विचार करतात. तिने त्या चोथ्याचा लेप दिला. मग साध्या पाण्यात तीन साधी रसायनं टाका, चिमूटभर भुकटी घाला, गरम करा, की औषधाचा कच्चा माल तयार. ना ॲसिडचा धूर, ना डोकं धरवणारे द्रावक, ना ओढ्यात सोडायला विषारी सांडपाणी. आणि काम झालं, की काचेला बाहेरून चुंबक लावायचा. भुकटी शाळा सुटल्यासारखी धावत येऊन काचेला चिकटते. पाणी ओतून घ्या, भुकटी धुवा, पुन्हा कामाला जुंपा. कितीही वेळा जुंपा, तक्रार नाही. खात्यात इतकं इमानदार दुसरं कुणी नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं. उस्ताद अर्दशीर मोख्तारी आले, खात्याचे प्रमुख. मागे फॅकल्टीचे डीन नीकबख्त आणि शिराजचे दोन पाहुणे प्राध्यापक. मोख्तारींची नजर टेबलावरच्या मुरंब्याच्या बरणीवर पडली. गोलनारने भुकटी त्यातच ठेवली होती. त्यांनी चुंबक फिरवून पाहिला, भुकटी बरणीच्या भिंतीवर सरसर चढली.

"वाहवा, खानुम!" मोख्तारी म्हणाले. "काय चीज आहे!"

आता तोंड हा अवयव काही माणसाच्या ताब्यात नसतो, त्याच्या आईच्या ताब्यात असतो. गोलनारच्या आईने तिला बोबड्या वयापासून शिकवलं होतं, की आपली वस्तू कुणी वाखाणली तर काय म्हणायचं. गोलनार काही ठरवायच्या आत तोंड बोलून गेलं.

"पेशकश, उस्ताद! आपलीच आहे. न्या ना."

हे तारोफ. गुलदश्तमधलं शेंबडं पोरही जाणतं, की असं म्हणायचं असतं आणि समोरच्याने छातीवर हात ठेवून "छे छे, धन्याच्याच हातात शोभते" असं म्हणायचं असतं. मग सगळ्यांनी चहा प्यायचा असतो. आजवर या वाक्यांवर लाखो गालिचे, घड्याळं, घरं आणि लेकीबाळी देऊन झाल्या आहेत, आणि एकही जागची हललेली नाही.

मोख्तारींनी बरणी उचलली, कोटाच्या खिशात टाकली, आणि म्हणाले, "आपले उपकार झाले."

आणि गेले. शिराजचे पाहुणे दारातच थिजले. त्यातल्या एकाने तर घाबरून स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ बाहीत लपवलं.

"घशात अडकलीस का गं?" सुदाबेने हळूच विचारलं.

*

पेपर छापून आला तेव्हा गोलनारने तो तीनदा वाचला. लेखक: अर्दशीर मोख्तारी आणि त्यांचा जावई. जावई दातांचा डॉक्टर होता. सगळ्यात शेवटी आभार होते: 'प्रयोगशाळेत वेळोवेळी चहा दिल्याबद्दल खानुम पाकजाद यांचे.'

ती तशीच डीनकडे गेली. डीन नीकबख्त हा मोठा न्यायी माणूस. दोन्ही बाजू ऐकायचा आणि ज्याची खुर्ची मोठी त्याची बाजू घ्यायचा.

"माझी भुकटी चोरली, जनाब डीन!"

"चोरली कशी? मी तिथे होतो. आपण पेशकश म्हणालात."

"ते तारोफ होतं!"

"असेल." डीनने बोटं एकमेकांत गुंफली. "म्हणजे मनात एक होतं आणि उस्तादांना सांगितलं दुसरंच?"

"अहो, सगळेच सांगतात!"

"मी सगळ्यांचं विचारत नाही. पाहुण्यांसमोर आपण आपल्या खातेप्रमुखांशी खोटं बोललात, असं मी मानायचं का? तसं लिहून देता?"

गोलनारने दात असे आवळले की आवाज बाहेर आला. डीन म्हणाला, "बघा, जावईबापूंना दाखवून घ्या. दाढ असेल."

त्या दिवसापासून गोलनार बदलली. भाजी चिरताना ती गाजराला मोख्तारी म्हणू लागली. भातात खडा लागला तरी 'हे त्याचंच काम' म्हणायची. स्वप्नातही ती मोख्तारींना काचेच्या चंबूत घालून खालून जाळ करायची, आणि ते चंबूतून म्हणायचे, "आपले उपकार झाले." नाव गेल्याचं दुःख होतंच, पण खरी आग वेगळी होती. चोर भिंत फोडून येतो, त्याला निदान मेहनत पडते. या माणसाने तिच्या आईच्या संस्कारांनी कुलूप उघडलं होतं.

"उट्टं काढणार," ती सुदाबेला म्हणाली. "भर सभेत. सगळ्या गावाने हसलं पाहिजे. नाव मिळो ना मिळो, त्याचं तोंड काळं झालेलं मला बघायचंय."

सभा समोरच होती. हरित रसायनाच्या मोठ्या समारंभासाठी तेहरानहून उपमंत्री जनाब फरहमंद येणार होते. मोख्तारी त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने चुंबक लावून 'आपली' भुकटी खेचून दाखवणार होते.

"आणि ती खेचली गेलीच नाही तर?" गोलनार म्हणाली.

"न जायला काय झालं?"

"कोळसा जातो का चुंबकाकडे?"

सुदाबेने हातातली खारी खाली ठेवली. "हे परमेश्वरा," ती म्हणाली, "मी काही ऐकलं नाही. कोळसा कुठून आणणार?"

कोळसा गोलनारच्या मामाच्या कबाबच्या दुकानातून आला. तिने तो खलात इतका कुटला, इतका वस्त्रगाळ केला, की एक शिंक आली आणि स्वयंपाकघर शोकसभेला बसल्यासारखं दिसायला लागलं. उरलेला तशाच मुरंब्याच्या बरणीत भरला. बाहेरून बघून सख्ख्या आईनेही ओळखलं नसतं की कोळसा कुठला आणि लोखंड कुठलं. मात्र त्याला थोडा कबाबचा वास येत होता.

समारंभाच्या आदल्या दुपारी मोख्तारी जेवून पाय मोकळे करायला गेले, तशी ती त्यांच्या खोलीत शिरली. सुदाबेला बाहेर उभं केलं होतं: ते येताना दिसले की खोकायचं.

सुदाबे खोकली. प्रामाणिकपणे, जीव तोडून खोकली. मोख्तारी थांबले.

"खानुम सुदाबे, हा खोकला छातीचा आहे. बिहीदाणा भिजवून घ्या. माझ्याकडे आहे कपाटात, या, देतो."

आणि तिलाच घेऊन खोलीकडे निघाले.

गोलनारने बरण्या बदलल्या, खरी भुकटी कोटाच्या आत काखेत दाबली, आणि दार उघडलं तर समोर मोख्तारी.

"मी... आपल्याला भेटायला आले होते, उस्ताद. नव्हतात, म्हणून निघाले."

"मग या ना आत. आधी आपण."

"छे, आपली खोली. आधी आपण."

"आपण पाहुण्या. शक्यच नाही."

"आपण वडीलधारे. माझी मान कापली तरी नाही."

चौकट एक, बाहेर पडायचं एकीला, आत यायचं एकाला. दोघं जागचे हलले असते तर दोन्ही कामं झाली असती. पण आधी हलणं म्हणजे उद्धटपणा. काखेतली बरणी इंचाइंचाने खाली सरकत होती. गोलनार अंग चोरून मुडपायला लागली.

"आपल्या पोटात दुखतंय का, खानुम?"

"नाही, उस्ताद. हा आदर आहे."

मोख्तारींना ते पटलं. तेही तेवढेच वाकले. शेवटी सुदाबेला खरोखरचा ठसका लागला आणि ती दोघांच्या मधून आत पडली. गोलनार तेवढ्यात निसटली.

खरी बरणी तिने पिशवीत ठेवली. खोलीत ठेवायचा आता विश्वास नव्हता, घरी ठेवायचा तर आईचा विश्वास नव्हता. कुणी 'काय छान' म्हटलं असतं, तर आईने देऊन टाकली असती.

*

सभागृह गच्च भरलं होतं. उपमंत्री जनाब फरहमंद पहिल्या रांगेत मलईच्या रंगाचा सूट घालून बसले होते. भाषणं झाली. डीन नीकबख्तने पर्यावरणावर इतकं कळवळून भाषण केलं, की मागच्या रांगेतल्या दोघांना झोप लागली. मग मोख्तारी उठले.

मंचावर टेबल, टेबलावर पिवळ्या पाण्याचे दोन चंबू. एक कामाचा, एक जास्तीचा, फुटला-बिटला तर. शेजारी मूठभर आकाराचा चुंबक. तो इतका जबर होता, की त्यासाठी टेबल मुद्दाम लाकडाचं आणलं होतं.

गोलनार तिसऱ्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या आयुष्यात इतका सुखाचा क्षण लग्नातही आला नव्हता. खरं तर लग्न त्याच कारणाने मोडलं होतं. मोख्तारींनी बरणी उघडली. त्यांच्या नाकपुड्या जरा हलल्या. कुणीतरी मागे पुटपुटलं, "जेवण कबाबचं आहे वाटतं." काळी भुकटी चंबूत पडली, पाणी शाईसारखं झालं.

'उचल,' गोलनार मनात म्हणाली. 'उचल तो चुंबक, बाबा. उचल.'

मोख्तारींनी चुंबक उचलला. आणि छातीला लावून म्हणाले:

"पण जनाब उपमंत्री, हा मान मी कसा घेऊ? मी कोण? पायपुसणं! ही सगळी करामत आमच्या खानुम डॉक्टर पाकजाद यांची. चुंबक त्यांच्याच हातात शोभेल. या, खानुम!"

हे अर्थातच तारोफ. तिने नको म्हणायचं, त्यांनी पुन्हा म्हणायचं, तिने पुन्हा नको म्हणायचं, आणि मग त्यांनी नाइलाजाने सगळं श्रेय स्वतः घ्यायचं. आजवर खात्यात हे असंच चाललं होतं.

"छे छे, उस्ताद!" गोलनार ताडकन उठली. "आपल्यासमोर मी चुंबक धरू? हात झडतील माझे!"

"या हो, खानुम."

"नाही! आईची शपथ, नाही! जीव गेला तरी नाही!"

इतक्या कळकळीने कुणी तारोफ केलेलं गुलदश्तने कधी ऐकलं नव्हतं. तिचा आवाज फाटत होता, कपाळावर घाम होता. मागची एक म्हातारी डोळे पुसायला लागली: "काय संस्कार आहेत पोरीवर!"

मोख्तारी हसून चुंबक चंबूकडे नेणार, एवढ्यात जनाब फरहमंद उभे राहिले. ते हेलावले होते.

"तेहरानमध्ये अशी नम्रता उरली नाही," ते म्हणाले. "खानुम, माझी विनंती समजा. नव्हे, हुकूम समजा. आपणच दाखवा."

उपमंत्र्याच्या हुकमाला तारोफ नसतं. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. गोलनार पिशवी खांद्याला लावून मंचावर चढली. फासावर चढणारा माणूस निदान पुढे काय होणार याची लाज तरी बाळगत नाही.

तिने चुंबक चंबूला लावला.

काहीच झालं नाही. तिने तो दुसऱ्या बाजूने लावला. कोळसा आपल्या जागी, बायकोच्या माहेरी आलेल्या जावयासारखा निवांत तरंगत राहिला.

"जरा जोरात धरा!" कुणीतरी सुचवलं.

"लाजतेय वाटतं," जनाब फरहमंद म्हणाले आणि हसले, म्हणून सगळे हसले. गावाने हसावं, अशी गोलनारची इच्छा होतीच. गाव हसत होतं.

मोख्तारी आधी गोंधळले, मग उजळले.

"मी म्हटलंच ना," ते मोठ्याने म्हणाले, "हे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत यांचंच. माझा काडीचा संबंध नाही. लिहून घ्या कुणीतरी!"

ज्या नावासाठी ती डीनच्या दारात भांडली होती, ते असं फुकट, भर सभेत, उपमंत्र्यासमोर मिळालं. तिने सुन्न होऊन पिशवी टेबलावर टेकवली आणि शेजारी चुंबक ठेवला.

पिशवी सरकली. आधी हळू, मग एकदम. थप्प! जाऊन चुंबकाला बिलगली.

सभागृहात सुई पडली असती तर तीही चुंबकाकडे गेली असती, इतकी शांतता पसरली.

"खानुम," जनाब फरहमंद म्हणाले, "चंबूतली भुकटी येत नाही आणि पिशवी येते?"

गप्प राहिली असती तर निभावलं असतं. किल्ल्या आहेत म्हणाली असती, तवा आहे म्हणाली असती. पण मागून कुणीतरी म्हणालं, "गुलाबाच्या चोथ्याचं काय होणार! गाढवं खात नाहीत!" आणि गोलनारच्या डोक्यात तिडीक गेली. मोख्तारीला शिव्या द्या, तिला द्या, तिच्या आईला द्या. पण तिच्या भुकटीला नाव ठेवलेलं तिला खपणार नव्हतं. तिने पिशवीतून खरी बरणी ओढून काढली, झाकण फेकलं, जास्तीच्या चंबूत चिमूटभर टाकली, ढवळली, चुंबक लावला.

काळं पाणी एका दमात फाटलं. भुकटी धावत काचेला आली, आणि मागे उरलं ते केशरी सरबतासारखं लख्ख पिवळं पाणी.

टाळ्यांनी छत हललं. आणि त्या टाळ्या संपायच्या आत मोख्तारी पहिला चंबू हुंगून पुढे झाले.

"पाहिलंत?" ते म्हणाले. "आधी मुद्दाम साधा कोळसा, मग खरी चीज! तुलना केल्याशिवाय गुण कळत नाही. नाट्यही हवं ना थोडं? मीच खानुमना तसं सांगून ठेवलं होतं. माझ्या पेपरमध्ये सगळं आहेच."

गोलनारने तोंड उघडलं. काय बोलणार? की नाही, मी चोरून कोळसा घातला? या माणसाने तिची भुकटी गिळली होती, आता तिचा सूडही गिळला आणि ढेकर दिली.

जनाब फरहमंद मंचावर आले. त्यांनी बरणी निरखली. "वाहवा, काय चीज आहे!"

मोख्तारी छातीवर हात ठेवून वाकले. "पेशकश, जनाब! आपलीच आहे."

"छे छे," जनाब फरहमंद म्हणाले, कारण ते चांगल्या घरचे होते. "धन्याच्याच हातात शोभते." आणि त्यांनी बरणी उचलून अदबीने मोख्तारींच्या हातात दिली.

धन्याच्या!

"ती माझी आहे!" गोलनार ओरडली.

त्या सभागृहात इतकं सरळ वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं असावं. लोकांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. तोवर गोलनारने बरणी धरली होती. मोख्तारींनी सोडली नाही. "खानुम, लोक बघतायत." "बघू देत!" "बरणी फुटेल." "तुझं डोकं फुटू दे!" तिने हिसका दिला, त्यांनी हिसका दिला, आणि बरणीला झाकण नव्हतं.

सगळी भुकटी जनाब फरहमंदांवर गेली. मलईचा सूट खांद्यापासून गुडघ्यापर्यंत काळाकुट्ट झाला. भुवया काळ्या, मिशी मात्र आधीच काळी होती, म्हणून वाचली.

त्यांनी डोळे उघडले. काळ्या तोंडात ते फार पांढरे दिसत होते.

"ही," ते हळू आवाजात म्हणाले, "ही भुकटी कुणाची आहे?"

"यांची!" मोख्तारी क्षणात म्हणाले. "आत्ताच म्हणाल्या, माझी आहे! सगळ्यांनी ऐकलं!"

आणि गोलनारला दिसलं, की दार उघडंय. आयुष्यात एकदाच उघडतं तसं, सताड. तिने बरणी टेबलावर ठेवली, डोक्यावरचा रुमाल नीट केला, छातीवर हात ठेवला आणि मधासारख्या आवाजात म्हणाली:

"ते तारोफ होतं, जनाब."

"काय?"

"ही भुकटी माझी असूच शकत नाही. मी ती उस्तादांना केव्हाच पेशकश केली, आणि त्यांनी ती स्वीकारली. जनाब डीन समोर होते. विचारा ना."

सगळ्या माना डीन नीकबख्तकडे वळल्या. डीनने उपमंत्र्याचा सूट पाहिला, मग मोख्तारींची खुर्ची मनातल्या मनात मोजली, आणि त्याला ती बरीच लहान झालेली दिसली.

"पेशकश केली होती," डीन म्हणाला. "मी साक्षीला आहे."

"अहो, ते तोंडदेखलं होतं!" मोख्तारी किंचाळले.

"म्हणजे पाहुण्यांसमोर मी आपल्याशी खोटं बोलले, असं आपण मानता का?" गोलनारने विचारलं. "पेपर आपला आहे. नाव आपलं आहे, जावईबापूंचं आहे. माझा तर फक्त चहा होता. हवं तर शपथेवर सांगते." आणि सभेकडे वळून तिने सांगितलं. एकदा सांगितलं, मग मागच्या रांगेला ऐकू यावं म्हणून पुन्हा सांगितलं: "ही भुकटी आणि तिचे सगळे गुणदोष उस्ताद अर्दशीर मोख्तारी यांचे आहेत. माझा काडीचा संबंध नाही. लिहून घ्या!"

कुणीतरी खरंच लिहून घेतलं. मोख्तारींचं तोंड इतकं उतरलं, की उपमंत्र्यापेक्षा तेच काळे दिसायला लागले. गोलनारला पोटातून गार वाटलं. चिरलेली सगळी गाजरं वसूल झाली. आता बदली, चौकशी, नामुष्की. वाळवंटाच्या टोकाचं एखादं महाविद्यालय, जिथे नळाला पाणी नाही!

जनाब फरहमंदांनी सूट झटकायला हात उचलला.

"थांबा! झटकू नका, कापडात जिरेल!"

सुदाबे. ती धापा टाकत मंचावर आली होती. कुणाचंही वाईट झालेलं तिला बघवत नसे, मग तो उपमंत्री का असेना. तिने चुंबक उचलला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि जनाबांच्या खांद्यावरून हळूच खाली फिरवला.

भुकटी उठली. सगळी उठली. सूटवरून, बाहीवरून, बटणांच्या भोकांतून, भुवयांतून, कणन् कण धावत चुंबकाकडे गेला. सुदाबेने दुसऱ्यांदा फिरवला तेव्हा धरायला काही उरलंच नव्हतं. सूट धोब्याकडून आल्यासारखा मलईचा. वर गुलाबाचा मंद वास.

"सुदाबे," गोलनार कुजबुजली, "सुदाबे, मेले गं, थांब."

"झालंच, जान," सुदाबे म्हणाली आणि कॉलरही साफ केली.

जनाब फरहमंदांनी आरशात पाहावं तसं स्वतःकडे पाहिलं. बाही हुंगली. त्यांचा चेहरा उगवत्या सूर्यासारखा फुलला.

"मी हजार प्रयोग पाहिले," ते म्हणाले. "सगळे चंबूत. पण स्वतःच्या अंगावर! कण मागे राहिला नाही! पाण्याचा थेंब नाही, साबण नाही! याहून हरित काय असतं?" त्यांनी मोख्तारींना मिठी मारली, दोन्ही गालांचे मुके घेतले. "उस्ताद, भुकटी आपलीच ना? नक्की?"

मोख्तारींनी गोलनारकडे पाहिलं. मग छातीवर हात ठेवला.

"सगळे साक्षीला आहेत," ते नम्रपणे म्हणाले.

*

पानगळीत तेहरानहून मोख्तारींच्या नावाची मानाची पाटी आली. जावयाच्या नावाची एक छोटी आली. जनाब फरहमंदांना सभेतली नम्रता आठवत होती, म्हणून पाटी खानुम पाकजाद यांच्याच हस्ते द्यावी असं त्यांनी खास कळवलं होतं. गोलनारने ती दिली. पाटी पितळेची होती आणि मागची कडी कच्ची निघाली. देता देता पाटी गोलनारच्याच उजव्या पायावर पडली. अंगठा मोडला.